ऑब्जेक्ट तारेतून जात नाही

एखाद्या मोठ्या रुग्णालयात नोंदणीची सर्व्हिस जावात लिहिलेली असते, प्रयोगशाळेची डॉटनेटमध्ये आणि डॉक्टरांच्या टॅबलेटवरची स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये. तिघांनी एकमेकांना एखादा आकडा किंवा होय-नाही असं उत्तर पाठवायचं, एवढंच काम असेल तर फारसं अडत नाही. अडतं ते ‘रुग्ण’ पाठवायचा असतो तेव्हा. रुग्ण म्हणजे नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जींची यादी, तपासण्यांचे निकाल, प्रत्येक निकालाचं एकक, औषधं, ती लिहून देणारे डॉक्टर, असा एकात एक गुंतलेला डेटा. तो एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाताना काहीही लाल होत नाही, कुठलीही एरर येत नाही, आणि तरीही पलीकडे पोचलेला रुग्ण थोडा वेगळा असू शकतो.

या प्रश्नावर बहुतेक टीममध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आधी करार लिहा, म्हणजे काय आणि कोणत्या रूपात पाठवायचं याचा स्कीमा, मग कोड. दुसरा म्हणतो, कोड लिहा, करार त्यातून आपोआप निघेल. दोन्हींकडे अनुभवाचं बळ आहे. म्हणून दोन्ही बाजू इथे दोन काल्पनिक पात्रांच्या तोंडी समोरासमोर ठेवल्या आहेत. सुनंदाताईंची उमेदीची सगळी वर्षं रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली आहेत. मिहिर टॅबलेटवरचं अ‍ॅप लिहितो.

करार आधी की कोड आधी

मिहिर : ताई, स्कीमा हाताने लिहिण्याचा तुमचा आग्रह मला पटत नाही. माझ्याकडे पेशंटचा क्लास तयार आहे. त्यावर एक अ‍ॅनोटेशन टाकलं की फ्रेमवर्क त्याचं जेसन बनवतं, सोबत ओपन-एपीआयचं वर्णनही काढून देतं. ते दुसऱ्या टीमला द्यायचं, त्यातून त्यांनी आपला क्लास जनरेट करायचा. एकच गोष्ट दोनदा लिहिली की दोन्हींत तफावत पडणारच.

सुनंदाताई : तफावत पडते, हे मान्य. पण तू पाठवतोस काय, ते आधी बघ. तुझ्या क्लासमध्ये मेथड आहेत, प्रायव्हेट फील्ड आहेत, तो आणखी कुठल्या तरी क्लासपासून उतरला आहे. त्यातलं काहीही तारेतून जात नाही. जातो तो मजकूर. घर बदलताना आपण सामान बांधून पाठवतो. भिंती आणि वायरिंग पाठवत नाही, ती पलीकडे वेगळी उभी असतात. क्लासवरून करार काढलास की तुझ्या भिंतींची मापं त्यात उतरतात, आणि पलीकडच्याला ती निभवावी लागतात.

मिहिर : प्रत्यक्षात असं कुठे झालं, ते सांगा.

सुनंदाताई : डॉटनेटच्या सुरुवातीच्या काळात डेटासेट नावाचा प्रकार फार लोकप्रिय होता. मेमरीत ठेवलेली टेबलं, त्यांच्यातली नाती, सगळं एकत्र. वेब सर्व्हिसमधून तो थेट परत करता यायचा, आणि दोन्ही टोकांना डॉटनेट असेल तर काम सुरेख चालायचं. पण त्या सर्व्हिसचं डब्ल्यूएसडीएल, म्हणजे तिचं लिखित वर्णन, उघडलं, तर त्यात एवढंच दिसायचं की इथे एक स्कीमा येईल आणि त्यानंतर काहीही येईल. जावाच्या टूलला त्यातून क्लास बनवता येत नसे; हातात कच्चं एक्सएमएल पडायचं. उलट्या दिशेनेही तेच. जावाच्या टीमने हॅशमॅप परत केला की अपाचे अ‍ॅक्सिस तो अपाचेच्याच नेमस्पेसमधल्या ‘मॅप’ प्रकारात गुंडाळायचं, आणि डॉटनेटला तो प्रकार माहीतच नसायचा. दोन्हींकडचा कोड बरोबर होता. चाचण्या पास होत होत्या, कारण ज्या प्लॅटफॉर्मवर लिहिलं त्याच प्लॅटफॉर्मवर तपासलं जात होतं.

मिहिर : पण हा सोपचा, म्हणजे त्या वेब सर्व्हिस ज्या एक्सएमएलच्या पद्धतीने बोलायच्या तिचा, दोष झाला. तो काळ संपला म्हणून तर आम्ही जेसनकडे आलो.

सुनंदाताई : दोष कुठून आला तेही बघ, म्हणजे तो संपला की नाही ते कळेल. सोप १.१ डब्ल्यूथ्रीसीकडे मे २००० मध्ये आलं. एक्सएमएल स्कीमाची शिफारस मे २००१ ची. म्हणजे टाइप कसे लिहायचे याची सर्वमान्य पद्धत पक्की होण्याआधीच सोपला टाइप पाठवायचे होते. म्हणून सोप लिहिणाऱ्यांनी स्पेसिफिकेशनच्या पाचव्या भागात स्वतःचे एन्कोडिंगचे नियम घातले : ऑब्जेक्ट असा लिहा, अ‍ॅरे असा लिहा, एकाच ऑब्जेक्टकडे दोन ठिकाणांहून बोट असेल तर असा. प्रत्येक टूलकिटने त्या नियमांचा आपापला अर्थ लावला. पुढे २००२ मध्ये डब्ल्यूएस-आय ही संस्था मुख्यतः हा गोंधळ निस्तरायला उभी राहिली, आणि तिच्या बेसिक प्रोफाइलने एन्कोडेड पद्धत बंदच केली. प्रचारात राहिलं मुख्यतः डॉक्युमेंट-लिटरल. म्हणजे ऑब्जेक्ट पाठवतोय हा भ्रम सोडा, एक कागद पाठवतोय असं समजा, आणि तो कागद स्कीमाप्रमाणे तपासा.

मिहिर : मग मी तुमच्या बाजूची अडचण सांगतो. एक्सएमएल स्कीमात ४४ तयार टाइप आहेत, त्यातले १९ मूळ. फक्त महिना आणि वर्ष सांगणारा वेगळा टाइप आहे, फक्त महिना-दिवस सांगणारा वेगळा. चिन्ह नसलेले पूर्णांक आहेत. जावात तसे टाइपच नाहीत, म्हणून सगळ्यात मोठ्या अनसाइन्ड आकड्याला बिगइंटिजर वापरावा लागतो. वर ‘यापैकी एक’ अशा चॉइसच्या रचना, सब्स्टिट्यूशन ग्रुप. करार आधी लिहिणाऱ्यांनी कागदावर देखणे स्कीमे लिहिले आणि कोड लिहिणाऱ्याला त्यातून जनरेट झालेले क्लास वापरवत नव्हते. ज्या करारातून कामाचा कोड निघत नाही, तो पाळला जात नाही. लोक त्यातून वाट काढतात.

सुनंदाताई : हे बरोबर आहे, आणि करारवाल्यांनी ते वेळेवर ऐकलं असतं तर बरं झालं असतं. स्कीमाच्या भाषेत जे लिहिता येतं ते सगळं लिहायचं नसतं. सगळ्या प्लॅटफॉर्मना जे सरळ झेपतं, तेवढ्यातच करार बसवायचा. क्लासवरून करार काढू नये, एवढंच माझं म्हणणं. क्लास लिहिणाऱ्याचं तोंड न बघता करार लिहावा, असं नाही.

सहा प्रकार आणि एक मोठा आकडा

मिहिर : तेवढ्यातच बसवायचं, तर जेसन तेच करतं. सहा प्रकार : ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, स्ट्रिंग, नंबर, बूलियन, नल. भांडायला जागाच नाही.

सुनंदाताई : प्रकार कमी झाले म्हणून गरजा कमी झाल्या नाहीत. तारीख त्या सहांत नाही. पैशांची रक्कम नाही. फोटोचे बाइट नाहीत. ते सगळं स्ट्रिंगमध्ये किंवा नंबरमध्ये संकेताने भरावं लागतं. आणि जो संकेत लिहिलेला नसतो, तो दोन टीममध्ये दोन तऱ्हांचा होतो. नंबरचंच घे. जेसनचं व्याकरण नंबर किती मोठा असावा हे सांगत नाही. जावाचा लाँग ६४ बिटांचा. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर हा डबल, त्यात पूर्णांक बिनचूक राहतात ते ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत. आता रुग्णाचा अंतर्गत क्रमांक ९००७१९९२५४७४०९९३ आहे असं धर. तुझ्या टॅबलेटवर पार्स झाल्यावर तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो. कुठलीही सूचना येत नाही. तो क्रमांकही वैधच दिसतो. फक्त तो दुसऱ्या रुग्णाचा असू शकतो.

मिहिर : हे आम्हाला माहीत आहे. ट्विटरला २०१० मध्ये याच कारणाने प्रत्येक आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यावा लागला. गुगलच्या प्रोटोकॉल बफर्समध्ये तर नियमच आहे, की जेसन करताना ६४ बिटांचे पूर्णांक स्ट्रिंग म्हणून लिहायचे. आम्हीही आयडी स्ट्रिंगच ठेवतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर नव्हेच.

सुनंदाताई : बघ, आत्ता तू जे बोललास तो करार आहे. तुझ्या क्लासमधून तो आपोआप निघाला नसता, कारण जावाच्या क्लासमध्ये लाँग लिहिणं पूर्ण बरोबरच होतं. अपूर्णांकांचंही तसंच. प्रयोगशाळेने निकाल १.० पाठवला काय आणि १.०० पाठवला काय, जावास्क्रिप्टला दोन्ही १. पण मोजमाप किती बारकाईने झालं, ते त्या शेवटच्या शून्यात असतं. म्हणून आरोग्याच्या डेटासाठी जे मानक आहे, एफएचआयआर, बोलताना आपण ‘फायर’ म्हणतो ते, त्यात दशांश संख्येची अचूकता जशीच्या तशी जपायची असा स्पष्ट नियम आहे. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही याच मानकाची चौथी आवृत्ती स्वीकारली आहे.

एक दिवस मागे सरकलेला जन्म

मिहिर : तारखेचं काय ते मीच सांगतो, कारण तिथे फ्रेमवर्कवर विसंबून भागत नाही हे मला मान्य आहे. जावास्क्रिप्टमध्ये १ जानेवारी १९८०, मध्यरात्र, भारतीय वेळ अशी तारीख बनवली आणि तिचं जेसन केलं, तर बाहेर पडतं ३१ डिसेंबर १९७९, संध्याकाळचे साडेसहा, यूटीसी. पलीकडच्या सर्व्हिसने वेळ गाळून नुसती तारीख ठेवली, की माणूस एक दिवसाने मोठा होतो.

सुनंदाताई : आणि डॉटनेट १.१ मध्येही हेच व्हायचं, फक्त भाषा वेगळी. डेटटाइम एक्सएमएलमध्ये जाताना त्याला सर्व्हरचा टाइमझोन चिकटायचा, घेणारा आपल्या झोनमध्ये फिरवायचा. जन्मतारीख म्हणजे काळाच्या रेषेवरचा एक क्षण नाही, तो दिनदर्शिकेवरचा एक दिवस आहे. क्षण आणि दिवस हे दोन वेगळे टाइप आहेत. एक्सएमएल स्कीमाने ते वेगळे ठेवले होते. भाषांच्या जुन्या लायब्ररींनी एकातच कोंबले. करार आधी लिहायला बसलास तर ‘हा दिवस आहे की क्षण?’ हा प्रश्न तुला पडतोच. क्लास आधी लिहिलास तर लायब्ररीत जो टाइप सहज हाताशी आहे तो घेतला जातो, आणि प्रश्न न विचारताच उत्तर ठरतं.

मिहिर : पण कागदावरचं उत्तरही अपुरं असू शकतं. गावाकडच्या म्हाताऱ्या आजी नोंदणीला येतात. त्यांना जन्मवर्ष ठाऊक असतं, कधी तेही अंदाजाने. स्कीमा म्हणतो, तारीख पूर्ण हवी आणि फील्ड सक्तीचं. मग काउंटरवरचा माणूस १ जानेवारी टाकून मोकळा होतो. तुमच्या कडक करारातूनच खोटी माहिती जन्माला आली.

सुनंदाताई : ही तुझी तक्रार पूर्ण खरी आहे. कडक करार आणि चुकीचा करार एकत्र आले की लोकांना खोटं लिहिणं भाग पडतं. आधार कार्डावरही कित्येकांचं फक्त जन्मवर्ष असतं. वास्तव तसंच आहे. एफएचआयआरमध्ये तारीख फक्त वर्ष, वर्ष-महिना किंवा पूर्ण दिवस, अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिता येते. पण मग जावाचा लोकलडेट किंवा डॉटनेटचा डेटओन्ली त्यासाठी पुरत नाही. तिथे कोडने कराराप्रमाणे स्वतःचा टाइप बनवायचा. वास्तव आधी, करार त्याच्यापाठी, क्लास सर्वांत शेवटी, हा माझा क्रम आहे.

काही नाही म्हणजे नक्की काय

मिहिर : आता यादीचं सांगा. अ‍ॅलर्जींची यादी रिकामी आली. तुमच्या कराराप्रमाणे तिचा अर्थ काय?

सुनंदाताई : तुझ्या मते काय?

मिहिर : रुग्णाला अ‍ॅलर्जी नाही.

सुनंदाताई : आणि यादी आलीच नाही तर? नल आली तर? कुठल्या लायब्ररी रिकामी यादी गाळतात, कुठल्या नल लिहितात, कुठल्या रिकामे कंस ठेवतात. तिन्ही तऱ्हा एकाच रुग्णाच्या बाबतीत, एकाच दिवशी, तीन सर्व्हिसमधून येऊ शकतात. आणि रुग्णालयात अर्थही तीन आहेत : विचारलं आणि नाही म्हणाले, विचारलंच नाही, माहिती आहे पण तुम्हाला दाखवायची परवानगी नाही. पहिल्या अर्थावर पेनिसिलिन देता येतं, दुसऱ्यावर देण्याआधी विचारावं लागतं.

मिहिर : पण हा तर प्रत्येक प्लॅटफॉर्मचा जुना रोग आहे.

सुनंदाताई : जुना आणि पुन्हापुन्हा उलटणारा. डॉटनेट १.१ मध्ये इंट आणि डेटटाइम यांना नल होताच येत नसे. जावाकडून नल इंटिजर आला की क्लायंट कोसळायचा. नलेबल टाइप आले २००५ मध्ये, डॉटनेट २.० बरोबर. त्यानंतर कितीतरी वर्षांनी प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या फील्डांना ‘पाठवलं नाही’ आणि ‘शून्य पाठवलं’ यांतला फरकच उरला नाही. लोकांची अडचण झाली, आणि २०२१ मध्ये ३.१५ मध्ये ऑप्शनल हा शब्द तिथे अधिकृतपणे परत आला. नव्याने डिझाइन करणारे हुशार लोक असतात. तरीही ‘काही नाही’ हे सोपं असेल असं दर पिढीला वाटतं. एफएचआयआरने इथे फार शहाणपणा केला आहे. त्याच्या जेसनमध्ये रिकामा अ‍ॅरे चालतच नाही. अ‍ॅलर्जी नाही असं सांगायचं असेल, तर ‘ज्ञात अ‍ॅलर्जी नाही’ अशी एक नोंदच पाठवावी लागते. गैरहजेरीतून अर्थ काढायचा नाही, तो बोलून दाखवायचा.

मिहिर : म्हणजे डेटा वाढला.

सुनंदाताई : वाढू दे. टाइप गुंतागुंतीचा होण्याला मी घाबरत नाही. ती गुंतागुंत योग्य जागी असावी. रक्तातल्या साखरेचा निकाल नुसता १८० म्हणून पाठवलास तर टाइप एकदम सोपा झाला. पण पलीकडची लॅब मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजत असेल तर तीच साखर तिथे साधारण १० असते. दोन्ही आकडे प्रत्येक स्कीमातून पास होतात. म्हणून एफएचआयआरमधला क्वांटिटी हा टाइप मूल्य, एकक, एककाची कोडपद्धती आणि कोड असा सगळा एकत्र प्रवास करतो. मी डॉटनेटच्या डेटासेटबद्दल तक्रार केली, कारण त्याची गुंतागुंत प्लॅटफॉर्मची होती. क्वांटिटीची गुंतागुंत रुग्णाची आहे.

स्कीमा पास, नाव नापास

मिहिर : मग आता स्कीमा कुठे हात टेकतो ते दाखवतो. नाव : टाइप स्ट्रिंग, कमाल लांबी ५०. पन्नास काय? ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर. त्यात युनिकोडचे चार कोड पॉइंट आहेत : क, हलन्त, ष आणि वेलांटी. जावाची लेंग्थ ४ सांगते. गो भाषेतली लेन तेच १२ सांगते, कारण ती यूटीएफ-८ चे बाइट मोजते, आणि देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट लागतात. पन्नासची मर्यादा बाइटमध्ये धरणाऱ्या सर्व्हिसमध्ये मराठी नाव सोळा कोड पॉइंटांनंतर तुटतं, कधी कधी वेलांटी गमावून.

सुनंदाताई : करारात ‘कोड पॉइंट’ असं लिहिता येईल.

मिहिर : येईल. पण पुढचं ऐका. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव. त्यातला तो ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हा स्वतंत्र कोड पॉइंट, त्यापुढे हलन्त आणि ह. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. स्कीमाच्या दृष्टीने तिन्ही वैध स्ट्रिंग आहेत. पण नोंदणीच्या सर्व्हिसने पहिल्या तऱ्हेने साठवलं आणि माझ्या अ‍ॅपने तिसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर रुग्ण सापडत नाही. काउंटरवर बाईंची दुसरी फाइल उघडते, आणि जुन्या फाइलमधली अ‍ॅलर्जी जुन्या फाइलमध्येच राहते.

सुनंदाताई : युनिकोडचं नॉर्मलायझेशन करून घ्यायचं.

मिहिर : त्यातलं एनएफसी केलं तर पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं तसंच राहतं, त्यासाठी आपला नियम वेगळा लिहावा लागतो. माझा मुद्दा असा आहे, ताई, की हे कुणालाही स्कीमा वाचून कळत नाही. खरा संदेश दोन्ही बाजूंतून फिरवून बघितला तरच कळतं. म्हणून माझा जीव करारापेक्षा चालणाऱ्या कोडवर आहे.

सुनंदाताई : इथे तू मला माझ्या जागेवरून हलवलंस. टाइप जुळला म्हणजे मूल्य जुळलं, असं मानणं चूकच आहे. मग करारात नमुना संदेशही हवेत, आणि ते सोपे नकोत. ‘एबीसी’ नावाचा, पूर्ण जन्मतारखेचा, एका औषधाचा रुग्ण सगळीकडून पास होतो. करारात ठेवायचा तो रुग्ण म्हणजे नावात ऱ्ह असलेला, फक्त जन्मवर्ष ठाऊक असलेला, अ‍ॅलर्जी न विचारलेला, १.०० असा निकाल असलेला. तो जावातून डॉटनेटमध्ये, तिथून टॅबलेटवर आणि परत जावात आणायचा, आणि निघाला तसाच पोचला का ते तपासायचं.

मिहिर : मग त्यातून माझी एक अट. संदेश एकमेकांत गुंतलेले नकोत. रुग्णात डॉक्टर, डॉक्टरमध्ये त्यांचे रुग्ण, त्यांच्यात पुन्हा तेच डॉक्टर, अशी वर्तुळं तुमच्या जुन्या ऑब्जेक्ट मॉडेलमधूनच येतात. जेसन.स्ट्रिंगिफाय तर अशा वर्तुळावर थेट एरर देतं.

सुनंदाताई : मान्य. डॉक्टर आत भरायचे नाहीत, त्यांचा पत्ता द्यायचा. कागदावरसुद्धा आपण ‘पाहा : फाइल क्रमांक अमुक’ असंच लिहितो.

न कळलेल्या फील्डचं काय करायचं

मिहिर : एक मोठा वाद उरला. तुमची सर्व्हिस उद्या एक नवं फील्ड पाठवेल. माझ्या अ‍ॅपला ते माहीत नाही. मी म्हणतो, दुर्लक्ष करायचं आणि पुढे जायचं. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हेच तत्त्व सांगितलं : पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. त्याशिवाय इतक्या वेगवेगळ्या संगणकांचं इंटरनेट उभंच राहिलं नसतं. एका नव्या फील्डने शंभर क्लायंट बंद पडत असतील, तर कुणी काही सुधारणारच नाही.

सुनंदाताई : आणि इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये या तत्त्वाचा फेरविचार आहे. घेणारा नेहमी उदार राहिला तर पाठवणाऱ्याच्या चुका कधीच उघड होत नाहीत, त्या साचतात, आणि पुढे त्याच प्रथा होऊन बसतात. पण हा सिद्धांत बाजूला ठेव. औषधाच्या विनंतीत एक नवं फील्ड आलं, ज्याचा अर्थ आहे ‘हे औषध देऊ नका’. तुझ्या अ‍ॅपने त्याकडे दुर्लक्ष केलं. आता स्क्रीनवर काय दिसेल? औषधाचं नाव, मात्रा, वेळ. संदेश नेमका उलटा झाला.

मिहिर : असं फील्ड खरोखर असतं?

सुनंदाताई : एफएचआयआरच्या औषध-विनंतीत आहे, ‘डू नॉट परफॉर्म’ याच नावाचं. आणि म्हणूनच तिथे फील्डांचे दोन वर्ग केले आहेत. बहुतेक फील्ड अशी, की कळली नाहीत तरी उरलेल्या माहितीचा अर्थ बदलत नाही. काही थोडी अशी, की ती बाकीच्या माहितीचा अर्थच पालटतात. त्यांना मॉडिफायर म्हणतात. बाहेरून जोडलेल्या एक्स्टेन्शनचेही हेच दोन वर्ग. साधं एक्स्टेन्शन कळलं नाही तर सोडून दे. मॉडिफायर एक्स्टेन्शन कळलं नाही तर ती नोंद वापरू नकोस, माणसाला दाखव.

मिहिर : म्हणजे दुर्लक्ष करायचं की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचं नाही.

सुनंदाताई : कसं ठरवेल? ज्याला फील्डचा अर्थच माहीत नाही, तो ते महत्त्वाचं आहे की नाही हे सांगूच शकत नाही. अर्थ माहीत असतो पाठवणाऱ्याला. तेव्हा सांगायची जबाबदारी त्याची, आणि ते संदेशातच सांगितलेलं हवं. ज्या सोपला तू मघाशी मोडीत काढलंस, त्यात २००० सालीच ही सोय होती. हेडरवर ‘मस्ट अंडरस्टँड’ अशी खूण करता यायची. ती असेल आणि घेणाऱ्याला हेडर कळलं नाही, तर त्याने फॉल्ट परत करायचा, अंदाजाने पुढे जायचं नाही.

मिहिर : हे मला पटलं. मी उदारपणा सोडत नाही, पण कुठे उदार राहायचं हे पाठवणाऱ्याने लिहून दिलं तर मला कडक व्हायलाही हरकत नाही. जनरेट केलेला कोड मात्र मी वापरणारच. हाताने पार्सर लिहिणं म्हणजे नव्या चुका.

सुनंदाताई : जरूर वापर. करारातून कोड जनरेट कर. कोडमधून करार नको. तेवढ्या एका बाणाच्या दिशेवर माझा हट्ट कायम आहे.

मिहिर : आणि नमुना रुग्ण फिरवून बघितल्याशिवाय करारावर सही नाही, हा माझा.

*

दोघांचं इथे एकमत झालं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. बाणाच्या दिशेवरचा वाद राहतो, आणि तो राहावा. लहान टीममध्ये, दोन्ही टोकं एकाच हातात असताना, कोडमधून निघालेला करार पुष्कळदा पुरतो. टोकं वेगवेगळ्या संस्थांच्या हाती गेली, की तो पुरत नाही. पण या वादातून जे हाती लागतं ते दोन्ही पक्षांना लागू आहे. सोप, जेसन, प्रोटोकॉल बफर्स अशी साधनं बदलत गेली. नल, तारीख, मोठा आकडा, न कळलेलं फील्ड हे प्रश्न प्रत्येक साधनात पुन्हा उगवले. कारण ते मुळात अर्थाचे प्रश्न आहेत. प्लॅटफॉर्म टाइप जुळवून देतो. अर्थ जुळवून देणं ही दोन टीमनी एकत्र बसून करायची गोष्ट आहे.

म्हणून नव्या इंटिग्रेशनच्या पहिल्या बैठकीत कुठला फॉरमॅट आणि कुठलं फ्रेमवर्क, याच्या आधी चार गोष्टी ठरवाव्यात. कुठलं फील्ड दिवस आहे आणि कुठलं क्षण. ‘काही नाही’चे किती अर्थ आहेत आणि प्रत्येक अर्थ कसा लिहायचा. कुठला आकडा एककाशिवाय प्रवास करणार नाही. आणि कुठल्या माहितीकडे दुर्लक्ष करून चालेल, कुठल्या माहितीकडे कधीच नाही. या चार उत्तरांवरून सर्वांत अवघड असा एक नमुना संदेश दोन्ही टीमनी मिळून हाताने लिहावा आणि दोन्ही प्लॅटफॉर्मवरून फिरवून आणावा. तो जसाच्या तसा परत आला, की पहिला क्लास लिहायला घ्यावा.